पत्त्यांची वही

मनुष्याच्या आयुष्यांत निवड करण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. परंतु जी वस्तु डोळ्यांनीं दिसत नाहीं, जिला हातांत घेऊन तोलतां येत नाहीं, आणि जिचें मोल विकणाऱ्यालाहि एका वाक्यांत सांगतां येत नाहीं, अशा वस्तूची निवड करण्याचा प्रसंग आमच्या पिढीवर पूर्वीं फारसा आला नव्हता. गाय घ्यावयाची तर तिचे दांत पाहावे, तांदूळ घ्यावयाचा तर दाणा दातांखालीं धरावा, जांवई पाहावयाचा तर त्याच्या गांवीं जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारावें, हे नियम वडिलांनीं आम्हांस घालून दिले होते. पण व्यापाराचीं पत्रें एकाच वेळीं शेंकडों गिऱ्हाइकांस ई-मेलनें पोंचविणारी सेवा कोणती घ्यावी, याचा नियम वडिलांनीं सांगितलेला नव्हता. आणि तो आमच्या संस्कृत ग्रंथांत सांपडेल असेंहि आम्हांस वाटलें नव्हतें. तो तेथें सांपडला, एवढेंच या लेखाचें निमित्त होय.

आम्ही हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथचे रहिवासी. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, त्यापुढें जें कांहीं संपादन केलें तें पाठशाळेच्या ओसरीवर बसून, आणि तेंच पुढें तीस वर्षें शाळेंतल्या मुलांना वाटलें. व्यापाराशीं आमच्या घराचा संबंध केवळ गिऱ्हाईक म्हणून. तो बदलला आमच्या सूनबाईंमुळें. परभणीपासून १ मे १९९९ रोजीं वेगळ्या झालेल्या या आमच्या लहानशा जिल्ह्यांत मोठे कारखाने थोडे, पण हळद विपुल. शेजारच्या वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें; आणि वसमत येथें हळदीच्या संशोधनासाठीं जें केंद्र निघालें त्याच्या नांवांत 'हरिद्रा' हा संस्कृत शब्द पाहून, जुना विद्यार्थी मोठ्या हुद्द्यावर चढलेला पाहावा तसा आनंद आम्हांस झाला. सूनबाईंनीं त्या भागांतील चार-पांच शेतकऱ्यांकडून हळकुंडें घेऊन, तीं येथेंच दळून, पाव किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या पिशव्या भरून विकण्याचा उद्योग आरंभिला. औंढ्याचा नागनाथ बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक मानला जातो. दर्शनास येणारे लोक देवाचा प्रसाद आणि आमची हळद घेऊन आपापल्या गांवीं जातात.

हळद हा माल मोठा विलक्षण. ती पावसाळ्याच्या तोंडीं लागते, आठ-नऊ महिने जमिनींत राहते. मग ती काढावयाची, शिजवावयाची, पंधरा दिवस उन्हांत वाळवावयाची, ढोलांत घोळून तिला तकाकी आणावयाची. आणि नवी हळद बाजारांत येते ती उन्हाळ्याच्या आरंभीं. घरोघरचें गिऱ्हाईक ती वर्षांतून एकदां, फार तर दोनदां घेतें. किलोभर हळद घेऊन पुण्यास गेलेल्या गृहिणीला पुढच्या चैत्रांत आमच्या हळदीचा रंग आठवतो, पण दुकानाचें नांव आठवत नाहीं. यासाठीं सूनबाईंनीं एक वही ठेविली होती. ज्यांना माल घरपोंच हवा असे ते आपलें नांव, पत्ता आणि ई-मेल त्या वहींत लिहून जात. चार वर्षांत सुमारें १,४०० नांवें जमलीं. त्यांना 'नवी हळद आली' एवढें वर्षांतून तीन-चार वेळां कळवावें, इतकाच मूळ हेतु होता.

मग आपल्या नेहमींच्या ई-मेलवरूनच पत्रें कां पाठवूं नयेत, असा प्रश्न आम्हीं प्रथम केला. त्याचें उत्तर असें मिळालें कीं, जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला ५०० पलीकडे लोकांस पत्र जात नाहीं. पाठविणाऱ्याची किंचित् नजरचूक झाली तर एकाचा पत्ता दुसऱ्यास दिसतो. आणि ज्याला पत्र नको असेल त्याला आपलें नांव आपणच कमी करून घेण्याची सोय नसते. तेव्हां खास या कामासाठीं असलेली सेवा घेणें प्राप्त होतें.

आमचे चिरंजीव नांदेडास नोकरीला असतात. त्यांचें मत असें पडलें कीं, घ्यावयाची तर 'सर्व कांहीं एकाच छपराखालीं' देणारीच सेवा घ्यावी. म्हणजे यादी ठेवणें, पत्राला सुबक रूप देणें, तें ठरल्या वेळीं धाडणें, एवढ्यावर न थांबतां मोबाइलवर संदेश पाठविणें, व्हॉट्सॲपवर जाहिरात करणें, संकेतस्थळ उभारणें, त्यावर दुकान मांडणें, गिऱ्हाइकाच्या वाढदिवसाचें पत्र आपोआप रवाना करणें, अर्धवट सोडलेल्या खरेदीची आठवण देणें, हें सारें तीच सेवा करते. चिरंजिवांनीं हें वर्णन इतक्या तन्मयतेनें केलें कीं आम्हांस शिवकालीन अठरा कारखान्यांची आठवण झाली. राज्यास अठरा कारखाने शोभले. अर्ध्या किलोच्या पिशव्यांस त्यांतले किती शोभतील, हें मात्र पाहणें भाग होतें.

व्यापाऱ्यानें गिऱ्हाइकास नियमानें पत्र धाडावें, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानें १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याची आणि त्याच्या मालाची वार्ता लोकांस देण्यासाठींच. शंकरराव किर्लोस्करांनीं तींत वाचण्याजोगें इतकें घातलें कीं पुढें तिचें 'किर्लोस्कर' मासिक झालें आणि तें महाराष्ट्रांतील घराघरांत गेलें. याच्या उलट उदाहरण अमेरिकेंतलें आहे. ३ मे १९७८ रोजीं गॅरी थर्क नांवाच्या गृहस्थांनीं, त्या काळीं मोजक्याच लोकांच्या वापरांत असलेल्या संगणकांच्या जाळ्यावरून, सुमारें ४०० जणांस आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात एकदम पाठविली. ती कोणीं मागितली नव्हती. शिव्याशाप पुष्कळ मिळाले. आणि नको असलेल्या पत्रांचा जो पूर आज जगांत लोटला आहे, त्याचा उगम म्हणून त्या दिवसाकडे बोट दाखविलें जातें. दोन्हीं पत्रें व्यापाऱ्याचींच. एकाची लोक वाट पाहूं लागले, दुसऱ्यानें लोक चिडले.

आतां प्रत्यक्ष निवडीकडे वळूं. सूनबाईंनीं जीं नांवें काढलीं त्यांत अमेरिकेंतील अटलांटा येथें २००१ सालीं निघालेली मेलचिंप होती; ती २०२१ सालीं इंट्युइट या मोठ्या कंपनीनें सुमारें १२ अब्ज डॉलरांस विकत घेतली. पॅरिसची ब्रेव्हो होती. तिचें नांव २०२३ पर्यंत सेंडिनब्लू असें होतें. आपल्या चेन्नईची झोहो होती. तिच्या पुष्कळशा सेवांपैकीं कॅम्पेन्स ही या कामाची. मुंबईची नेटकोअरहि होती. पण तिचा व्यवहार मुख्यतः मोठमोठ्या कंपन्यांशीं, आमच्यासारख्यांचें तेथें काय काम, म्हणून ती बाजूस ठेविली.

जन्मभर मुलांना व्याकरण शिकविलें तरी त्रैराशिक आम्ही विसरलों नाहीं. दरपत्रकें समोर घेऊन बसलों, तेव्हां दिसून आलें कीं या व्यवसायांत मोल मोजण्याच्या दोन रीति आहेत. एक यादींत पत्ते किती आहेत त्यावर. दुसरी पत्रें किती गेलीं त्यावर. ज्याला आठवड्यास पत्र धाडावयाचें आहे त्याला पहिली रीति परवडते. ज्याला वर्षांत चारच धाडावयाचीं आहेत, त्यानें पहिल्या रीतीनें पैसे भरणें म्हणजे वर्षांतून चार वेळां प्रवास करणाऱ्यानें बारमाही पास काढण्यासारखें आहे. मेलचिंपच्या मोजणींत, ज्यांनीं 'आम्हांस पत्र नको' असें कळविलें त्यांचे पत्तेहि, ते वेगळे काढून ठेवीपर्यंत धरले जातात. तेथील बिनपैशाची योजना एके काळीं २,००० पत्त्यांपर्यंत होती, ती २०२३ सालीं ५०० वर आली. ब्रेव्होच्या फुकट योजनेंत पत्त्यांपेक्षां पत्रांना मर्यादा. दिवसाला ३०० पत्रें. झोहोचा व्यवहार रुपयांत होतो, ही सोय लहान व्यापाऱ्यास लहान नव्हे. कारण डॉलरांतलें बिल भाव बदलला कीं बदलतें. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या मासिक वसुलीस रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें खातेदाराची आगाऊ संमति नोंदवावी लागते.

हा हिशेब चालला असतांनाच एक निराळें प्रकरण उपस्थित झालें, आणि खरा प्रश्न सेवेचा नसून वहीचा आहे हें त्यामुळेंच आमच्या ध्यानांत आलें. एका अपरिचित गृहस्थाचा चिरंजिवांस फोन आला. त्याच्यापाशीं २०,००० गृहिणींचे ई-मेलचे पत्ते होते. चार हजार रुपयांत तो सगळी यादी देण्यास तयार होता. पत्त्यामागें वीस पैसे. चिरंजीव म्हणाले, "बाबा, शंभरांतून एकीनें जरी हळद घेतली तरी दोनशें गिऱ्हाइकें झालीं." त्रैराशिक बिनचूक होतें. त्या वर्षीं सूनबाईंनीं धाडस करून पांच क्विंटल हळकुंडें घेऊन ठेविलीं होतीं, त्यांतली बरीचशी उधारीवर. तेव्हां ही गोष्ट केवळ हंसण्यावारी नेण्यासारखीहि नव्हती.

आम्हांस मात्र त्या वेळीं मनूचा आठवा अध्याय आठवला. तेथें व्यवहाराचीं म्हणजे न्यायालयांत येणाऱ्या तंट्यांचीं अठरा पदें सांगितलीं आहेत. पहिलें ऋणादान, दुसरें निक्षेप, तिसरें अस्वामिविक्रय. निक्षेप म्हणजे विश्वासानें दुसऱ्यापाशीं ठेविलेली ठेव; अस्वामिविक्रय म्हणजे जी वस्तु आपली नव्हे ती विकणें. हे दोन विषय ग्रंथकारानें एकाशेजारीं एक मांडावे, यांत आम्हांस त्या दिवशीं मोठें मर्म दिसलें. फोन करणारा गृहस्थ जें विकत होता त्याचे धनी ते वीस हजार लोक होते, तो नव्हे. आणि आमच्या वहींतले १,४०० पत्ते तरी आमचे कोठें होते? ते लोकांनीं पार्सल पोंचावें म्हणून आमच्या हवालीं केले होते. याज्ञवल्क्यस्मृतींत ठेवीचें प्रकरण स्वतंत्र आहे. ठेव राजानें नेली, दैवानें गेली किंवा चोरांनीं लुटली, तर ती सांभाळणाऱ्यावर भरपाईचा बोजा नाहीं, असें तेथें म्हटलें आहे. पण धन्याला न विचारतां त्याच ठेवीवर जो आपला निर्वाह चालवील, तो दंडास पात्र, आणि ती लाभासह परत करण्यास बांधलेला. पार्सलासाठीं दिलेल्या पत्त्यावर जाहिरात धाडणें म्हणजे याहून वेगळें काय?

हें आमचें केवळ जुनें वेड आहे असें कोणी समजूं नये. भारताच्या संसदेनें २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यांत लोकांची माहिती बाळगणाऱ्यासाठीं योजलेला इंग्रजी शब्द 'विश्वस्त' याच अर्थाचा आहे. ज्या कामासाठीं माहिती दिली त्याच कामासाठीं ती वापरावी, दुसऱ्या कामासाठीं पुन्हां विचारावें, आणि संमति देणें जितकें सोपें तितकेंच ती परत घेणें सोपें असावें, हें त्याचें सूत्र. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि मुख्य बंधनें लागू होण्यास तेव्हांपासून अठरा महिन्यांची मुदत देण्यांत आली.

टपाल पोंचविणारेहि आतां हेंच म्हणूं लागले आहेत. गुगल आणि याहू यांनीं फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक पत्रें धाडणाऱ्यांस कडक नियम लावले. पत्रावर पाठविणाऱ्याची ओळख पटली पाहिजे. यासाठीं एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन खुणा आहेत. पहिली सांगते कीं, या नांवानें पत्र आणण्याचा अधिकार कोणत्या जासुदास आहे. दुसरी म्हणजे लखोट्यावरची न फुटलेली मोहोर. तिसरी सांगते कीं, पहिल्या दोन जुळल्या नाहींत तर पत्राचें काय करावें. या खुणा स्वतःच्या नांवाचें संकेतस्थळ घेतल्याशिवाय नीट बसवितां येत नाहींत. म्हणून सेवा घेण्याआधीं तें नांव घ्यावें, त्याला वर्षाकांठीं फार खर्च येत नाहीं. आणि या सर्वांहून महत्त्वाचा नियम असा कीं, 'हें पत्र उपद्रवी आहे' अशी तक्रार करणाऱ्यांचें प्रमाण हजारांत तिनांवर जाऊं नये. गुगलचा उपदेश तर हजारांत एकाच्याहि खालीं ठेवण्याचा आहे. आमच्या १,४०० पत्त्यांत दोघांनीं जरी कपाळाला आंठी घातली तरी ही उपदेशाची मर्यादा ओलांडली गेली. विकत घेतलेल्या वीस हजारांत कितीजण आंठी घालतील, हें सांगावयास ज्योतिषी नको. मग पुढें, ज्यांना आमची हळद खरोखर हवी आहे त्यांचेंहि पत्र रद्दीच्या टोपलींत पडूं लागतें. प्रतिष्ठित सेवा विकतची यादी मुळीं वापरूंच देत नाहींत, ती यासाठींच.

सूनबाईंनीं सर्व ऐकून घेतलें आणि निर्णय स्वतः केला. त्या म्हणाल्या, "यादी विकत नको; आणि आपल्या वहींतल्यांनाहि आधीं विचारूं." पुढचा आठवडाभर त्यांनीं आपल्या दुकानाच्या खात्यावरून दररोज थोड्याथोड्या लोकांस एक साधें पत्र लिहिलें. पार्सलासाठीं दिलेला आपला पत्ता आमच्यापाशीं आहे. नव्या हळदीची वार्ता वर्षांतून चार वेळां कळविली तर चालेल काय. चालत असल्यास 'हो' एवढेंच लिहावें. उत्तर न आल्यास पत्राच्या यादींत आपला पत्ता घालणार नाहीं. महिन्याभरांत ४६२ लोकांचें 'हो' आलें. एकतीस जणांनीं 'नको' कळविलें. बाकीचे गप्प राहिले. चिरंजीव रविवारीं घरीं आले, आकडा ऐकला आणि म्हणाले, "चार वर्षांची कमाई एका पत्रांत घालविली." कोणीं उत्तर दिलें नाहीं. माजघरांत हळकुंडांचीं पोतीं थप्पी लावून उभीं होतीं, आणि त्या रात्रीं सूनबाई नीट जेवल्या नाहींत, हें घरांतल्या सर्वांनीं पाहिलें.

परंतु यादी लहान झाली, तशी सेवेची निवड सोपी झाली. ४६२ लोकांस चार पत्रें, म्हणजे वर्षाचीं १,८४८ पत्रें. दिवसाला तीनशें पत्रांची मर्यादा असली तरी दोन दिवसांत काम उरकतें. दुकान, वाढदिवस, मोबाइलचे संदेश, हे बाकीचे कारखाने तूर्त बंद ठेवण्यास हरकत नव्हती. छप्पर एक असावें हें चिरंजिवांचें म्हणणें चुकीचें नाहीं. विक्री वाढली, माणसें वाढलीं, म्हणजे गिऱ्हाइकाची मागणी एकीकडे आणि पत्ता दुसरीकडे असें ठेवणें जड जातें. पण छप्पर घ्यावें तें आज लागणाऱ्या खोल्या पाहून. रिकाम्या खोल्यांचें भाडें भरून कोणाचें वैभव वाढलेलें आम्हीं पाहिलें नाहीं.

सूनबाईंनीं परीक्षेची जी रीति काढली ती आम्हांस विशेष पसंत पडली. तीन सेवा निवडून प्रत्येकींत त्यांनीं फक्त घरचे आणि सोयऱ्यांचे दहा पत्ते, त्यांना सांगून, घातले; एक पत्र धाडलें; आणि मग शिरण्याची नव्हे तर निघण्याची वाट तपासली. ज्याला पत्र नको त्याचें नांव किती कळा दाबल्यावर कमी होतें? आपली यादी जशीच्या तशी उतरवून परत घेतां येते काय? खातें बंद करावयाचें तर तें आपल्या हातून होतें, कीं कोणाची विनवणी करावी लागते? एका ठिकाणीं शिरावयास दोन मिनिटें लागलीं आणि निघावयास तीन दिवस. दुसऱ्या ठिकाणीं नांव कमी करूं म्हणतां, 'आपण आम्हांस कां सोडतां' अशी इंग्रजी प्रश्नावली समोर आली. आमच्या विहीणबाई ती वाचूनच घाबरल्या. तिसऱ्या ठिकाणीं एका कळीनें नांव गेलें, आणि दुसऱ्या कळीनें सगळी यादी आमच्या हातीं परत आली. ज्याच्या घरांत ठेव ठेवावयाची, तो ती परत कशी देतो हें ठेवण्यापूर्वीं पाहावें. सेवेची निवड येथें संपली. तिचें नांव आम्ही मुद्दामच लिहीत नाहीं. दर आणि नियम दरसाल बदलतात, परीक्षेची रीति बदलत नाहीं.

मराठीच्या बाबतींतहि परीक्षा घेणें अवश्य आहे. पत्राच्या आरंभीं प्रत्येकाचें नांव आपोआप घालण्याची सोय या सर्व सेवांत असते, आणि विकणारे तिचा मोठा गाजावाजा करतात. चांचणीच्या पत्रांत आमच्या साडूंना 'प्रिय लातूर' असा मायना आला. कारण नांवाच्या रकान्यांत गांव पडलें होतें. तें सुधारल्यावर आमच्या मोठ्या बहिणीला 'प्रिय देशपांडे' असें पत्र गेलें, आणि त्याचा खुलासा आम्हांस फोनवर अर्धा तास करावा लागला. इंग्रजींत एक 'डिअर' सर्वांस पुरतो. आपल्याकडे तीर्थरूप, चिरंजीव, सौभाग्यवती, श्रीयुत ह्या पायऱ्या आहेत, आणि त्या यंत्राला कळत नाहींत. शेवटीं आम्हीं सुचविलें कीं, नांवच घालूं नये. 'सप्रेम नमस्कार वि. वि.' एवढ्यानें लहानथोर सर्वांचा मान राहतो. पत्राच्या तळाशीं नांव कमी करण्याचें जें इंग्रजी वाक्य असतें, त्याच्या जागीं 'यापुढें हें पत्र नको असल्यास येथें दाबावें' असें मराठी वाक्य घातलें. त्याखालीं दुकानाचा टपालाचा पूर्ण पत्ता. अमेरिकेच्या २००३ सालच्या कायद्यानें व्यापारी पत्रावर तो असावाच लागतो. आम्हांस तो कायदा लागो वा न लागो, पाठविणाऱ्यानें आपलें गांव सांगावें हा शिष्टाचार आमच्या घरांत त्याहून जुना आहे.

एक गोष्ट आम्हांस रुचली नाहीं ती सांगितली पाहिजे. पत्रांत डोळ्यांस न दिसणारें एक सूक्ष्म चित्र दडविलेलें असतें, आणि पत्र कोणीं केव्हां उघडलें याची चहाडी तें पाठविणाऱ्याकडे करतें. ॲपलनें २०२१ सालापासून आपल्या टपालांत अशी व्यवस्था केली कीं, वाचणाऱ्यानें पत्र उघडो वा न उघडो, तें चित्र आधींच उतरवून घेतलें जातें. त्यामुळें 'इतक्यांनीं पत्र उघडलें' या आकड्यावर आतां फार विसंबतां येत नाहीं. जो आकडा धड खराहि नाहीं आणि मिळविण्यास सभ्यहि नाहीं, त्याच्यासाठीं सूनबाईंनीं पैसे मोजले नाहींत. किती पिशव्या गेल्या हा आकडा त्यांना पुरतो.

पहिलें पत्र गेल्या गुढीपाडव्याच्या आठवड्यांत गेलें. हळद शिजवितांना ती शिजली हें शेतकरी कसें ओळखतो, आणि हळकुंड मोडल्यावर आंतला रंग कसा दिसावा, एवढें त्यांत चार ओळींत लिहिलें होतें. भाव सर्वांत शेवटीं. त्र्याऐंशीं घरांतून मागणी आली, आणि जवळजवळ पावणेदोन क्विंटल माल पहिल्या पंधरवड्यांत निघाला. उरलेला यात्रेकरूंनीं आणि पुढच्या तीन पत्रांनीं पौष महिन्यापर्यंत संपविला. उधारी फिटली. लाभ बेताचाच झाला. तक्रार एकहि आली नाहीं.

दुसऱ्या पत्राला सोलापूर भागांतून एका बाईंचें उत्तर आलें. त्यांनीं लिहिलें होतें, "हा पत्ता आमच्या ह्यांचा. ते श्रावणांत गेले. औंढ्याला आलों होतों तेव्हां वहींत नांव त्यांनींच लिहिलें होतें. त्यांचें नांव कमी करा आणि माझें घाला. अर्धा किलो पाठवा." सूनबाईंनीं तें पत्र आम्हांस वाचून दाखविलें, आणि यादींतलें नांव बदलण्यापूर्वीं जुनी वही काढून तें पान उघडलें. निळ्या शाईचें, किंचित् उजवीकडे झुकलेलें अक्षर होतें. त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय आपल्या बाडांतून पिढ्यान्‌पिढ्यांचीं नांवें आणि सह्या जपून ठेवतात, आणि नातवाला आजोबांचें अक्षर दाखवितात. ते जाणतात कीं बाड त्यांचें, पण नांवें यजमानांचीं.

म्हणून ज्या घरांत पापडाचा, मसाल्याचा, खणांचा किंवा पुस्तकांचा लहानसा उद्योग चालूं असेल, त्यांना आमचें इतकेंच सांगणें आहे. सेवा घेतांना ती काय काय करते हें शेवटीं विचारावें. यादींतलीं नांवें कोणीं कशासाठीं दिलीं तें आधीं पाहावें. मग आपलीं पत्रें वर्षाला किती, तें मोजावें. मग निघण्याची वाट चालून पाहावी. चौथा प्रश्न पैशाचा. आणि पहिल्या तिन्हींचीं उत्तरें नीट आलीं तर तो पुष्कळ अंशीं आपोआप सुटलेला असतो.

सूनबाईंनीं यंदा नवी वही घातली आहे. तींत नांव, पत्ता आणि ई-मेल यांच्यापुढें एक अरुंद रकाना आखला आहे: 'हळदीचें पत्र हवें काय?' त्यांत ज्यानें त्यानें आपल्या हातानें 'हो' किंवा 'नको' लिहावयाचें. परवां दुकानांत बसलों असतां आम्हीं मोजून पाहिलें. पहिल्या पानावर पंचवीस नांवें होतीं आणि 'नको' नऊ.